शकुंतलादेवींची २६ अंकी संख्या : गुणधर्म, पडताळा आणि विक्रमावरील आक्षेप

बेंगळुरू : १८,९४७,६६८,१७७,९९५,४२६,४६२,७७३,७३० ही २६ अंकी पूर्ण संख्या गणिताच्या कोणत्याही प्रमेयात येत नाही. दोन १३ अंकी संख्यांचा गुणाकार एवढीच तिची गणिती ओळख आहे. तरीही आधुनिक भारताच्या सार्वजनिक स्मृतीत जी मोजकी मोठी संख्या टिकून राहिली, त्यांत तिचा समावेश होतो. १८ जून १९८० रोजी लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमध्ये बेंगळुरूच्या शकुंतलादेवी यांनी ७,६८६,३६९,७७४,८७० आणि २,४६५,०९९,७४५,७७९ या संख्यांचा गुणाकार मनातल्या मनात करून २८ सेकंदांत हे उत्तर सांगितले, अशी नोंद आहे. गुण्य आणि गुणक या दोन्ही संख्या कॉलेजच्या संगणक विभागाने यदृच्छेने निवडल्या होत्या. १९८२ च्या गिनेस विक्रमपुस्तकात या कामगिरीला स्थान मिळाले.

या नोंदीत दोन स्वतंत्र दावे आहेत. एक उत्तराच्या अचूकतेचा आणि दुसरा वेळेचा. पहिला दावा आजही कोणीही कागद-पेन्सिल घेऊन तपासू शकतो. दुसऱ्या दाव्यावर मनोगणनेच्या अभ्यासकांत अनेक वर्षे मतभेद राहिले. दोहोंची सरमिसळ झाल्यामुळे शकुंतलादेवींविषयीच्या लेखनात एकीकडे भाबडे कौतुक आणि दुसरीकडे सरसकट अविश्वास अशी दोन टोके दिसतात. म्हणून आधी संख्येकडे पाहणे इष्ट.

संख्या किती मोठी?

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त एकापासून परार्धापर्यंत १८ स्थानांची नावे दिली आहेत. परार्ध म्हणजे एकावर १७ शून्ये. प्रस्तुत संख्येचे शेवटचे १७ अंक बाजूला ठेवले की उरतात १८,९४,७६,६८१. म्हणजे ही संख्या १८ कोटी ९४ लाख ७६ हजार ६८१ परार्धांहून थोडी अधिक आहे. १२ व्या शतकातील ज्या ग्रंथाने महाराष्ट्रासह देशभरातील पाठशाळांना गणित शिकवले, त्यातील नावांची यादी या संख्येसाठी आठ स्थानांनी अपुरी पडते.

आजच्या यंत्रांनाही ती सहज पेलत नाही. मोबाइलमधील साधा गणक हा गुणाकार करायला सांगितल्यास बहुधा सुरुवातीचे काही अंक दाखवून पुढे दहाचा घात लिहितो. संगणकावरील नेहमीच्या हिशेबतक्त्यात संख्या १५ अंकांपर्यंतच नेमकी राहते. तेथे उत्तर १८,९४७,६६८,१७७,९९५,४००,०००,०००,००० असे येईल. शेवटच्या ११ स्थानांवर दिसणारी शून्ये खरी नसतात, ती यंत्राने सोडून दिलेल्या अंकांच्या जागा भरून काढतात. द्विमान पद्धतीत ही संख्या लिहिण्यास ८४ स्थाने लागतात, तर आजच्या बहुतेक संगणकांची एका दमात हाताळण्याची मर्यादा ६४ स्थानांची आहे. अर्थात मोठ्या पूर्णांकांसाठी खास लिहिलेली आज्ञावली वापरली तर २६ काय, २६ हजार अंकांचा गुणाकारही क्षणात होतो. १९८० साली सामान्य माणसाच्या हातातील गणकयंत्रावर मात्र आठ-दहा अंक मावत. उत्तर बरोबर आहे की नाही हे सभागृहातील श्रोत्याला आपल्या यंत्रावर तपासता येणे शक्य नव्हते.

संख्येत ० ते ९ हे दहाही अंक येतात. सर्वाधिक वेळा ७ येतो, सहा वेळा. त्याखालोखाल ६ चार वेळा, तर ४ आणि ९ प्रत्येकी तीन वेळा. ० आणि ५ एकेकदाच. गंमत अशी की गुण्य आणि गुणक यांपैकी एकातही १ हा अंक नाही, गुणाकाराची सुरुवात मात्र त्यानेच होते. सर्व अंकांची बेरीज १३८ भरते. नाशिकजवळच्या देवळालीचे गणितप्रेमी शिक्षक द. रा. कापरेकर यांनी, जी संख्या स्वतःच्या अंकबेरजेने पूर्ण भागली जाते तिला ‘हर्षद’ असे नाव दिले होते. १३८ हा २, ३ आणि २३ यांचा गुणाकार. आपल्या संख्येला २ आणि ३ ने भाग जातो, पण २३ ने भागल्यास ३ बाकी उरते. तेव्हा ती हर्षद संख्या नव्हे. संख्यांशी खेळण्यात आयुष्य घालवणाऱ्या कापरेकरांनी तिच्यात आणखी काय शोधले असते, हा विचार मनात येतोच.

नवाचा ताळा, अकराचा ताळा

गुणाकार बरोबर आहे की नाही हे सगळा गुणाकार पुन्हा न करता पाहण्याची जुनी रीत म्हणजे ताळा. शाळेत पूर्वी शिकवला जाणारा नवाचा ताळा येथे लावून पाहू. गुण्याच्या अंकांची बेरीज ७८, ती पुन्हा मिळवली की १५ आणि पुढे ६. गुणकाची बेरीज ७४, तिचे ११ आणि पुढे २. सहा दुणे बारा, बाराचे ३. उत्तराची अंकबेरीज १३८, तिचे १२ आणि पुढे ३. ताळा जमला.

नवाच्या ताळ्याचा दोष सर्वांना ठाऊक आहे. दोन अंकांची अदलाबदल झाली तरी बेरीज तीच राहते आणि चूक लपते. शेजारच्या अंकांची अशी अदलाबदल अकराच्या ताळ्यात पकडली जाते. त्यासाठी उजवीकडून एकाआड एक स्थानांवरील अंकांच्या दोन बेरजा करून त्यांतील फरक पाहायचा. गुणकाच्या बाबतीत या दोन बेरजा ३७ आणि ३७ येतात. फरक शून्य, म्हणजे गुणकाला ११ ने पूर्ण भाग जातो. मग उत्तरालाही तो गेलाच पाहिजे. उत्तरातील दोन बेरजा ६९ आणि ६९ अशा निघतात. हाही ताळा जमला.

याहून कडक परीक्षा तीन-तीन अंकांच्या गटांनी घेता येते. गुण्याचे गट ७, ६८६, ३६९, ७७४ आणि ८७०. यांची बेरीज २,७०६, आणि हजाराचा अंक पुढे मिळवला (२ अधिक ७०६) की ७०८. गुणकाच्या गटांची बेरीज २,०९०, तिचे ९२. आता ७०८ गुणिले ९२ म्हणजे ६५,१३६, त्याचे ६५ अधिक १३६ म्हणजे २०१. उत्तराच्या नऊ गटांची बेरीज ५,१९६, तिचे ५ अधिक १९६, म्हणजे २०१. हा झाला ९९९ चा ताळा. हेच गट उजवीकडून आळीपाळीने मिळवले आणि वजा केले तर १,००१ चा ताळा होतो. त्यात गुण्याचे उणे २१४, गुणकाचे उणे ३३० आणि उत्तराचे ५५० येतात. २१४ गुणिले ३३० म्हणजे ७०,६२०, त्याला १,००१ ने भागल्यास बाकी बरोबर ५५० उरते.

हे दोन्ही ताळे एकत्र जमले तर एखादे चुकीचे उत्तर योगायोगाने निसटून जाण्याची शक्यता साधारण दहा लाखांत एक एवढीच राहते. त्यात शेवटचे तीन अंक आणि सुरुवातीचे अंक स्वतंत्रपणे पडताळून घेतले की शंकेला जागा उरत नाही. २६ अंकी उत्तर अचूक आहे.

३३० आणि उरलेले दोन बारा अंकी तुकडे

संख्येच्या अंतरंगात शिरायचे तर तिचे अवयव पाडावे लागतात. गुण्याच्या शेवटी शून्य असल्याने त्यात २ आणि ५ आहेतच. अंकबेरीज ७८ असल्याने ३ आहे, पण ९ नाही. गुणकात ११ असल्याचे वर दिसले. तेव्हा उत्तराला २, ३, ५ आणि ११ यांनी, म्हणून ३३० ने पूर्ण भाग जातो. ३३० काढून घेतल्यावर गुण्याचा २५६,२१२,३२५,८२९ हा आणि गुणकाचा २२४,०९९,९७६,८८९ हा तुकडा उरतो. हे दोन्ही बारा अंकी आहेत. १०० च्या आत एकूण २५ मूळ संख्या आहेत. त्या सर्वांनी भागून पाहिल्यास या दोन तुकड्यांपैकी एकालाही पूर्ण भाग जात नाही. म्हणजे १०० च्या आतील मूळ संख्यांपैकी केवळ चारच या संख्येच्या अवयव आहेत, आणि त्याही प्रत्येकी एकदाच.

यावरून आणखी काही गोष्टी आपोआप निघतात. ही संख्या पूर्ण वर्ग नाही, पूर्ण घनही नाही, कारण तिच्या शेवटी एकच शून्य आहे. पूर्ण वर्गाच्या शेवटी शून्ये सम संख्येत, तर पूर्ण घनाच्या शेवटी तीनच्या पटीत येतात. तिला ४ ने भाग जात नाही. त्यामुळे कोणत्याही दोन पूर्ण संख्यांच्या वर्गांतील फरक म्हणून ती मांडता येत नाही. असा फरक एक तर विषम असतो, नाही तर चाराच्या पटीत.

बारा अंकी तुकड्यांचे अवयव हाताने शोधणे हे मात्र वेगळ्याच जातीचे काम आहे. पहिल्या तुकड्याचे वर्गमूळ पाच लाख सहा हजारांच्या आसपास येते. तेथपर्यंत ४१ हजारांहून अधिक मूळ संख्या आहेत, आणि वाईट प्रसंग ओढवला तर त्या सगळ्यांनी भागून पाहावे लागेल. गुणाकार करणे सोपे आणि उलट दिशेने अवयव शोधणे अवघड, या विषमतेवर इंटरनेटवरील गोपनीयतेचा मोठा भाग उभा आहे. २०२० च्या फेब्रुवारीत एका आंतरराष्ट्रीय गटाने २५० अंकी संख्येचे दोन मूळ अवयव शोधले, तेव्हा एकाच संगणकगाभ्यावर सुमारे २,७०० वर्षे चालेल एवढे काम अनेक यंत्रांवर विभागावे लागले. एखादी संख्या मूळ आहे की नाही, एवढेच ठरवणे मात्र त्या मानाने झटपट होते, हे २००२ मध्ये कानपूरच्या आयआयटीतील मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी सिद्ध केले. यांपैकी कयाल हे पुढे बेंगळुरूतील मायक्रोसॉफ्टच्या संशोधन केंद्रात रुजू झाले.

२८ सेकंदांत काय काय करावे लागते?

दोन १३ अंकी संख्या गुणायच्या तर प्रत्येक अंकाला प्रत्येक अंकाने गुणावे लागते. असे १६९ लहान गुणाकार होतात. दोन्ही संख्यांत एकेक शून्य असल्याने प्रत्यक्षात १४४ उरतात. आडव्या-उभ्या ओळींची नेहमीची मांडणी न करता तिरकस गुणाकाराने एकेक स्थान थेट काढता येते. एककस्थानी शून्य गुणिले ९, म्हणून ०. दशकस्थानी सात नव्वे त्रेसष्ट आणि शून्य, म्हणून ३ लिहून हातचे ६. शतकस्थानी ८ गुणिले ९, ७ गुणिले ७ आणि शून्य यांची बेरीज १२१, हातचे ६ मिळवून १२७, म्हणून ७ आणि हातचे १२. उत्तराचे शेवटचे तीन अंक ७३० असे मिळतात. असे २५ टप्पे ओलांडायचे. मधल्या, म्हणजे तेराव्या टप्प्यावर एकदम १३ गुणाकारांची बेरीज करावी लागते.

२८ सेकंदांत १४४ गुणाकार म्हणजे सेकंदाला पाचाहून अधिक. शिवाय त्यांच्या बेरजा, हातचे, आणि मिळालेले अंक ध्यानात ठेवणे आलेच. आणखी एक अडचण अशी की हिशेब उजवीकडून डावीकडे चालतो आणि उत्तर सांगायचे ते डावीकडून. ‘अठरा’ असा पहिला उच्चार करण्यापूर्वी उजवीकडून आलेला हातचा माहीत असावा लागतो. प्रशिक्षित गणक एकेक अंकाऐवजी दोन किंवा तीन अंकांचे गट गुणतात आणि टप्पे कमी करतात, पण त्यासाठी शंभरापर्यंतचे किंवा त्याहून मोठे पाढे जिभेवर हवेत.

आक्षेप येथेच सुरू होतात. मनोगणकांचा इतिहास लिहिणारे अमेरिकी लेखक स्टीव्हन स्मिथ यांनी ही वेळ इतर सर्व नोंदलेल्या कामगिऱ्यांच्या इतकी पुढे असल्याचे दाखवून ती विश्वासार्ह मानण्यास नकार दिला. मनोगणनेच्या आजच्या जागतिक स्पर्धांत नेहमीची कसोटी दोन आठ अंकी संख्यांच्या गुणाकाराची असते. त्यात ६४ लहान गुणाकार येतात, १६९ च्या निम्म्याहूनही बरेच कमी. आक्षेप घेणाऱ्यांचा रोख उत्तरावर नव्हता, प्रयोगाच्या अटींवर होता. संख्या केव्हा दाखवल्या, घड्याळ केव्हा सुरू झाले आणि २८ सेकंदांत उत्तर सांगण्याचा वेळ धरला होता का, या तपशिलांवर सगळे अवलंबून असते. हा आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर संख्येच्या गुणधर्मांतून मिळू शकत नाही, हेही तितकेच खरे.

२०१ अंकांचे तेविसावे मूळ

लंडनच्या तीन वर्षे आधी, १९७७ मध्ये, अमेरिकेतील डॅलस येथील सदर्न मेथडिस्ट विद्यापीठात शकुंतलादेवींनी एका २०१ अंकी संख्येचे तेविसावे मूळ ५० सेकंदांत सांगितले होते. म्हणजे जी संख्या २३ वेळा घेऊन एकमेकींशी गुणली असता ती २०१ अंकी संख्या तयार होईल, ती ओळखायची. उत्तर होते ५४,६३,७२,८९१. याच कामाला यूनिव्हॅक संगणकाने ६२ सेकंद घेतले, असे वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले आणि ‘मानवी संगणक’ हे बिरुद पक्के झाले.

२०१ अंक ऐकून छाती दडपते. पण गणिताच्या दृष्टीने हा प्रश्न लंडनच्या गुणाकाराहून पुष्कळ सुकर आहे, आणि ते समजून घेण्यासारखे आहे. ज्या संख्यांचा तेविसावा घात नेमका २०१ अंकी होतो, त्या ४९ कोटी ६१ लाख ते ५४ कोटी ८४ लाख या पट्ट्यातच सापडतात. केवळ अंक मोजूनच मूळ नऊ अंकी आहे आणि ते ४९ ते ५४ यांपैकी कशाने तरी सुरू होते, एवढे कळते. उमेदवार उरतात सुमारे सव्वापाच कोटी.

आता शेवटचे अंक पाहू. कोणत्याही अंकाच्या तेविसाव्या घाताचा एककस्थानचा अंक त्याच्या घनाच्या एककस्थानासारखाच असतो. १ चा १, २ चा ८, ३ चा ७, ७ चा ३, ८ चा २, ९ चा ९. दोन वेगळ्या अंकांना एकच उत्तर येत नाही. त्यामुळे संख्येचा शेवटचा अंक पाहताच मुळाचा शेवटचा अंक ठरतो. जी संख्या सम नाही आणि पाचाच्या पटीतही नाही, तिच्याबाबत हाच नियम शेवटच्या दोन, तीन, चार अंकांनाही लागू पडतो. डॅलसची संख्या ७७१ ने संपते. ज्याच्या तेविसाव्या घाताच्या शेवटी ७७१ येतात, असा तीन अंकी शेवट एकच आहे, ८९१. वर्गमुळाच्या बाबतीत असे होत नाही. १ ने संपणाऱ्या पूर्ण वर्गाचे मूळ १ ने संपू शकते, तसेच ९ नेही. विषम आणि सोयीचा घात निवडला की प्रश्न वरून भयंकर आणि आतून नरम होतो, तो यामुळे.

डावी बाजू लॉगरिथमने उलगडते. डॅलसची संख्या ९१६७४ या अंकांनी सुरू होते. मूळ काढताना सुरुवातीच्या अंकांतील अनिश्चितता २३ ने भागली जाते. त्यामुळे हे पाच अंक अचूक वापरले तर मुळाची जागा सुमारे २६० संख्यांच्या चिंचोळ्या पट्ट्यात सापडते. त्या पट्ट्यात ८९१ ने संपणारी संख्या फार तर एकच असू शकते. थोडक्यात, सुरुवातीचे पाच आणि शेवटचे तीन असे आठ अंक पुरतात, मधल्या १९३ अंकांकडे पाहण्याची गरज पडत नाही. अर्थात त्यासाठी लॉगरिथमची कोष्टके सात-आठ स्थानांपर्यंत डोक्यात असावी लागतात आणि त्यांवर बिनचूक भागाकार करावा लागतो. ५० सेकंदांत ते करणे हे असामान्यच काम आहे. पण संगणक सर्व २०१ अंकांवर काम करत असेल, तर ५० आणि ६२ सेकंद ही शर्यत दोन वेगवेगळ्या मैदानांवर झाली असे म्हणावे लागते.

मुळाची संख्याही पाहण्यासारखी आहे. ५४,६३,७२,८९१ मध्ये १ ते ९ हे नऊही अंक बरोबर एकेकदा येतात. नऊ अंकी संख्या ९० कोटी आहेत, त्यांत अशा केवळ ३,६२,८८०, म्हणजे साधारण २,४८० मध्ये एक. प्रश्न काढणाऱ्याने ती यदृच्छेने न उचलता हौसेने बेतली असावी, असे दिसते. तिची अंकबेरीज ४५ असल्याने तिला ९ ने भाग जातो, तपासून पाहिल्यास २७ नेही जातो, ८१ ने मात्र नाही. म्हणून त्या २०१ अंकी संख्येत ३ हा अवयव नेमका ६९ वेळा येतो. लंडनच्या संख्येच्या अकराच्या ताळ्यातही ६९ आला होता. दोहोंचा परस्परांशी काही संबंध नाही.

पुढे या क्षेत्रात मोठी मजल मारली गेली. डिसेंबर २००७ मध्ये फ्रान्सचे अलेक्सिस लेमेर यांनी लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये २०० अंकी संख्येचे तेरावे मूळ ७०.२ सेकंदांत काढले. दोन्ही संख्यांची लांबी जवळपास सारखी, पण तेराव्या मुळात १६ अंक शोधावे लागतात, तेविसाव्यात नऊ. लांबी पाहून अवघडपणा ठरवणे फसवे असते.

बेंगळुरू ते लंडन

शकुंतलादेवींचा जन्म ४ नोव्हेंबर १९२९ रोजी बेंगळुरू येथे झाला. वडील सर्कशीत काम करत. मुलगी तीन वर्षांची असताना पत्त्यांचा खेळ शिकवताना तिची अंकांवरील पकड त्यांच्या लक्षात आली. सहाव्या वर्षी म्हैसूर विद्यापीठात तिचा कार्यक्रम झाला. औपचारिक शालेय शिक्षण तिला मिळाले नाही. १९४४ मध्ये वडिलांसह ती लंडनला गेली आणि पुढील कित्येक वर्षे देशोदेशी गणनेचे प्रयोग करत राहिली. लंडनच्या प्रयोगाच्या वर्षीच, १९८० च्या लोकसभा निवडणुकीत, त्या अपक्ष म्हणून दक्षिण मुंबईतून आणि इंदिरा गांधींविरुद्ध मेडकमधून उभ्या होत्या. दोन्ही ठिकाणी त्या पराभूत झाल्या. १९७७ चे ‘फिगरिंग’ हे त्यांचे पुस्तक मनोगणनेच्या रीती सामान्य वाचकांपर्यंत नेणारे ठरले. त्याच वर्षी समलैंगिकतेवरील त्यांचे पुस्तकही प्रसिद्ध झाले. भारतात या विषयावर त्या काळी फारसे कोणी बोलत नव्हते.

त्यांच्या क्षमतेची शास्त्रीय तपासणी १९८८ मध्ये झाली. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ आर्थर जेन्सन यांनी त्यांना ६,१६,२९,८७५ चे घनमूळ आणि १७,०८,५९,३७५ चे सातवे मूळ विचारले. ३९५ आणि १५ ही उत्तरे जेन्सन यांनी प्रश्न वहीत उतरवून घेण्यापूर्वीच मिळाली. १९९० मध्ये त्यांनी ‘इंटेलिजन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. दिवा लागताच कळ दाबण्यासारख्या साध्या प्रतिसादाच्या चाचण्यांत शकुंतलादेवींचा वेग विशेष नव्हता, असे त्यात दिसून आले. म्हणजे त्यांचे मज्जातंतू इतरांपेक्षा वेगाने चालत होते, असे नाही. अंकांशी असलेली दीर्घकाळची जवळीक आणि सराव हे स्पष्टीकरण जेन्सन यांच्या निष्कर्षांशी अधिक जुळते. लंडनच्या २८ सेकंदांचा प्रश्न या चाचणीने सुटला नाही. मात्र त्या केवळ रंगमंचावरील हातचलाखी करत होत्या, हा अधूनमधून ऐकू येणारा तर्क जेन्सन यांच्या प्रयोगशाळेतील नोंदींपुढे टिकत नाही.

शकुंतलादेवींचे २१ एप्रिल २०१३ रोजी बेंगळुरू येथे वयाच्या ८३ व्या वर्षी निधन झाले. त्यांच्यावरील हिंदी चित्रपट ३१ जुलै २०२० रोजी प्रदर्शित झाला. त्याच्या आदल्या दिवशी, ३० जुलै रोजी, गिनेस वर्ल्ड रेकॉर्ड्सने १८ जून १९८० च्या गुणाकारासाठी सर्वांत जलद मानवी गणनेचे प्रमाणपत्र मरणोत्तर जाहीर केले. विक्रम पुस्तकात छापला गेला होता, परंतु प्रमाणपत्र मात्र ४० वर्षे दिले गेले नव्हते. ते त्यांच्या कन्या अनुपमा बॅनर्जी यांनी स्वीकारले.